खेळणं, खेळ आणि करार

आधी एक साधं गणित. ५०० चित्रं आहेत, एका लांब पट्टीवर ओळीनं बसवलेली. हालचाल बरी दिसावी म्हणून सेकंदाला समजा १२ चित्रं पुढे सरकवली तर सगळा मामला ४०-४२ सेकंदांत आटपायला हवा. पण १८९२ साली पॅरिसच्या म्युझी ग्रेव्हँ ह्या मेणाच्या पुतळ्यांच्या म्युझियममध्ये हीच ५०० चित्रं १२ ते १५ मिनिटं चालायची आणि लोक बसून बघायचे. कसं काय? कारण पडद्याच्या मागे एक माणूस उभा असायचा, तो हातानं पट्टी पुढे न्यायचा, मध्येच थांबवायचा, मागे घ्यायचा, पुन्हा पुढे न्यायचा. एखाद्या पात्राला दचकवून मागे पळवायचं, जरा थांबायचं, परत पुढे आणायचं, हे सगळं तिथल्या तिथे हातांनी. ही पात्रं त्यानेच काढलेली, रंगही त्यानेच भरलेले, आणि ते यंत्रही त्याचंच. त्याचं नाव एमिल रेनो.

त्याची गोष्ट साधारण अशी सांगितली जाते की हा एक हुशार पण साधाभोळा माणूस, आधी खेळणी बनवायचा, मग हलत्या चित्रांचे खेळ करायला लागला, आणि तेवढ्यात ल्युमिएर बंधू कॅमेरा घेऊन आले आणि बिचारा मागे पडला. शेवटी वैतागून त्यानं स्वतःचं यंत्र हातोड्यानं फोडलं आणि चित्रांच्या पट्ट्या सीन नदीत टाकल्या. ऐकणारा हळहळतो, काळापुढे कुणाचं चालतं म्हणतो आणि पुढे जातो. मीही पहिल्यांदा वाचलं तेव्हा हेच केलं होतं. पण नंतर तारखा आणि आकडे एकाखाली एक मांडले तेव्हा ही गोष्ट मला पटेनाशी झाली. माझं म्हणणं असं आहे की रेनोला कॅमेऱ्यानं संपवलं हे अर्धं सुद्धा खरं नाही, त्याला संपवलं ते त्यानं सही केलेल्या करारानं आणि त्याचं काम जपून ठेवायला कुठेही जागा नव्हती यानं. आणि ह्या दोन्ही गोष्टी नशिबाच्या नाहीत, माणसांनी ठरवलेल्या आहेत, म्हणून त्या बदलता येतात, आणि म्हणून हा विषय १३० वर्षांनंतरही संपलेला नाही.

पण आधी खेळण्याबद्दल बोलू, कारण त्याशिवाय पुढचं काही कळत नाही.

रेनो १८४४ चा, पॅरिसच्या शेजारच्या माँत्रयचा. बाप घड्याळं बनवायचा आणि पदकांवर कोरीव काम करायचा, आई शिक्षिका आणि उत्तम जलरंग करणारी. म्हणजे घरातच एका बाजूला चाकं, स्प्रिंगा, बारीक मापं आणि दुसऱ्या बाजूला ब्रश आणि रंग. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. पुढे आयुष्यभर त्यानं जे केलं ते ह्या दोन गोष्टी एकत्र आणूनच केलं. बाप गेल्यावर तो ल प्वी-आँ-व्हले ह्या गावी राहिला, तिथे विज्ञान शिकवायचा, कंदिलानं पडद्यावर चित्रं दाखवून व्याख्यानं द्यायचा. तेव्हा बाजारात झोईट्रोप नावाचं खेळणं होतं, आत चित्रांची पट्टी, बाजूला फटी, ड्रम फिरवायचा आणि फटीतून डोकवायचं की चित्रं हलतात. गंमत खरी, पण फटीतून उजेड किती येणार? चित्र अंधुक दिसायचं, चिरडल्यासारखं बारीकही दिसायचं, आणि बघायचं तर फटीतूनच बघावं लागायचं.

रेनोनं फटी काढूनच टाकल्या आणि मधोमध १२ आरशांचा छोटा ड्रम बसवला. पट्टी बाहेरच्या ड्रमच्या आतून लावलेली, आणि आरसे बरोब्बर केंद्र आणि पट्टी यांच्या मध्यावर. आरशातलं प्रतिबिंब आरशामागे तेवढ्याच अंतरावर दिसतं हे आपण शाळेत शिकतो, म्हणजे इथे ते थेट ड्रमच्या अक्षावर पडल्यासारखं दिसतं, आणि अक्ष तर फिरताना जागचा हलत नाही! त्यामुळे एक आरसा सरकून दुसरा आला तरी चित्र तिथल्या तिथेच, फक्त त्याची पोज बदललेली. स्वच्छ, उजळ, रंगीत, चार जण भोवती बसून एकदम बघू शकतील असं. वर मेणबत्ती आणि शेड, म्हणजे रात्रीही चालेल. ह्याचं नाव प्रॅक्सिनोस्कोप, पेटंट १८७७ चं. १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याचा सन्माननीय उल्लेख झाला, रेनोनं पॅरिसमध्ये वर्कशॉप टाकलं आणि तो खेळणी बनवून विकणारा माणूस झाला. दोरीवरच्या उड्या मारणारी मुलगी, साबणाचे फुगे, पोहणारी बाई, अशा पट्ट्या तो स्वतः काढायचा.

आता जो कोणी ह्याला 'नुसतं खेळणं' म्हणेल त्यानं त्या आरशांचं माप एकदा कागदावर काढून बघावं. खेळण्याला कमी लेखायची जी सवय आपल्याला सगळ्यांनाच आहे ना, ती ह्या गोष्टीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत आडवी येते. वैज्ञानिक उपकरण म्हटलं की त्याला कपाटात जागा मिळते, कॅटलॉगमध्ये नंबर मिळतो. खेळणं म्हटलं की ते मोडेपर्यंत वापरायचं आणि फेकायचं. एकच वस्तू, पण नाव काय देता यावर ती उरणार की नाही हे ठरतं.

बरं, खेळण्याची एक मर्यादा मात्र होती आणि ती रेनोला बोचत असणार. पट्टीवर फक्त १२ चित्रं. म्हणजे साधारण एका सेकंदाची हालचाल आणि मग पुन्हा तीच, पुन्हा तीच. मुलगी दोरीवरून उडी मारते आणि मारतच राहते, तिला दोरी खाली ठेवून घरी जाता येत नाही. गोष्ट म्हणजे काय तर आधी एक असतं आणि मग दुसरं होतं, ते गोल पट्टीत शक्यच नाही. त्यानं टप्प्याटप्प्यानं वाट काढली. १८७९ मध्ये प्रॅक्सिनोस्कोपला छोटी पेटी आणि काच लावून पात्रांच्या मागे नेपथ्य दिसेल अशी सोय केली, १८८० मध्ये तेच कंदिलानं पडद्यावर पाडलं. आणि १८८८ मध्ये खरी उडी मारली, पट्टी गोल ठेवायचीच नाही, रिळावर गुंडाळायची, कितीही लांब! पेटंटमध्ये भोकं पाडलेली लवचिक पट्टी आहे, जी चाकावरच्या खुंट्यांत अडकून बरोब्बर जागेवर येते. ह्या यंत्राला त्यानं तेआत्र ऑप्टिक म्हटलं, म्हणजे प्रकाशाचं नाट्यगृह.

आपल्या भाषेत हे किती सहज बसतं बघा. आपण नाटकाच्या, तमाशाच्या, सिनेमाच्या शोलाही 'खेळ'च म्हणतो. खेळणं ते खेळ, हा जो प्रवास मराठीत एका शब्दाच्या आत होतो तो करायला रेनोला साधारण ११ वर्षं लागली.

२८ ऑक्टोबर १८९२ ला म्युझी ग्रेव्हँमध्ये पहिला खेळ झाला. तीन पट्ट्या होत्या. एक 'बिचारा पिएरो', म्हणजे 'पोव्ह्र पियेरो', ५०० चित्रांची. एक बिअरच्या ग्लासची, ७०० चित्रं. एक विदूषक आणि त्याच्या कुत्र्यांची, ३०० चित्रं. प्रत्येक चित्र जिलेटिनच्या पारदर्शक चौकोनावर हातानं काढलेलं आणि रंगवलेलं. पात्राभोवतीचा भाग काळा, त्यामुळे पडद्यावर फक्त पात्रं पडायची, आणि मागचं दृश्य वेगळ्या कंदिलातून. पुढे कार्टून स्टुडिओत मागचं चित्र एकदाच रंगवून त्यावर पात्रांचे पारदर्शक कागद ठेवायची जी पद्धत आली, त्यातली मूळ कल्पना इथे १८९२ मध्ये चालू होती. गास्तों पोलँ यानं संगीत दिलं होतं, आणि 'बिचारा पिएरो'मध्ये काठीचा फटका बसतो तिथे पट्टीवरच्या धातूच्या तुकड्यामुळे विजेचं सर्किट जुळून फटक्याचा आवाज यायचा. १८९२ मध्ये! चित्राला आवाज चिकटवायची ही युक्ती वाचून मी बराच वेळ नुसता त्याच पानावर थांबलो होतो.

म्हणजे कार्टून सिनेमा म्हणायला जे जे लागतं, काढलेली पात्रं, गोष्ट, पडदा, तिकीट काढून आलेले लोक, संगीत, आवाज, ते सगळं ल्युमिएरच्या पहिल्या जाहीर शोच्या ३ वर्षं आधी होतं. काही लोक म्हणतात की नाही, पहिलं खरं कार्टून १९०८ चं, एमिल कोलचं, कारण ते कॅमेऱ्यानं फिल्मवर घेतलं होतं. माझं ह्यावर भांडण नाही, कोल थोरच होता. पण फिल्मचा रोल ही वस्तू ठरवणार का कार्टून म्हणजे काय ते? आज तर कुणीच फिल्मवर काढत नाही, मग आजची कार्टून्स कार्टून्स नाहीत का? हे माप फक्त भूतकाळालाच लावायचं हे मला बरोबर वाटत नाही. २००२ पासून आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिवस २८ ऑक्टोबरला पाळला जातो तो रेनोच्या ह्याच पहिल्या खेळामुळे, म्हणजे ज्यांचं हेच काम आहे त्यांनी तरी आपलं मत दिलंय.

आता करार. ११ ऑक्टोबर १८९२ ला सही झाली. रेनोला महिना ५०० फ्रँक आणि तिकिटाच्या गल्ल्यातले १०%. ऐकायला वाईट नाही, नाही का? पण पुढचं बघा. रोजच्या खेळांना त्यानं स्वतः हजर राहायचं. पट्ट्यांची देखभाल, दुरुस्ती त्याच्या खर्चानं. आणि खेळ फक्त इथेच, दुसरीकडे दाखवायचा नाही.

ही तीन कलमं सुटी सुटी वाचली तर प्रत्येक ठीक वाटतं, त्यांचा एकत्र अर्थ लावला की मग कळतं. फेब्रुवारी १९०० पर्यंत हा खेळ चालला, साधारण १२,८०० खेळ झाले आणि ५ लाख लोकांनी पाहिले असा आकडा सांगितला जातो. १२,८०० ला दिवसांनी भागा, मधे काही महिने बंद होतं तेही धरा, रोजचे सरासरी ५ खेळ येतात. सात वर्षं, दिवसाला पाच वेळा, हातानं पट्टी पुढे मागे. जिलेटिनचे चौकोन, भोकं, शिवण, सगळं झिजणार, फाटणार. दुरुस्ती कुणी करायची? रेनोनं. कधी करायची, तो तर दिवसभर पडद्यामागे उभा! आणि नवी पट्टी करायला शेकडो चित्रं काढायची तर त्याला वेळ कुठून आणायचा? १८९४ मध्ये जवळजवळ वर्षभर खेळ बंद ठेवून त्यानं नव्या पट्ट्या पुऱ्या केल्या तेव्हा कुठे १८९५ च्या सुरुवातीला नवे खेळ आले. त्यातली 'ओतूर दून कॅबीन' ही ६३६ चित्रांची, समुद्रकिनाऱ्यावरच्या कपडे बदलायच्या खोलीभोवती घडणारी, माझ्या मते त्याची सगळ्यात सुंदर. शेवटी एक होडी येते आणि तिच्या शिडावर लिहिलेलं असतं, खेळ संपला.

दुसरा भागाकार करा. ५ लाख भागिले १२,८००, म्हणजे एका खेळाला सरासरी ३९ माणसं. ३९ माणसांच्या गल्ल्यातला १०% वाटा. हा धंदा वाढायचा एकच मार्ग होता, खेळ दुसऱ्या शहरात नेणं, दुसरं यंत्र करणं, दुसरा माणूस शिकवून तयार करणं. आणि नेमकी तीच वाट करारानं बंद केलेली.

आता ल्युमिएरकडे बघा. २८ डिसेंबर १८९५, ग्राँ कॅफेचं तळघर, तिकीट १ फ्रँक, आणि पहिल्या शोला पैसे देऊन आलेली माणसं किती, तर ३३. रेनोच्या सरासरीपेक्षा कमी! मग फरक कुठे पडला? फरक पुढच्या सहा महिन्यांत पडला. ल्युमिएरांची माणसं यंत्र आणि फिल्मची रिळं घेऊन जगभर गेली, ७ जुलै १८९६ ला मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये शो झाला. पॅरिसच्या एका तळघरातून मुंबईपर्यंत साडेसहा महिन्यांत. आणि रेनो? तो त्या सात वर्षांत त्याच इमारतीत होता. यंत्र चांगलं का वाईट हा प्रश्न इथे येतच नाही, एकाला जगभर जायची मोकळीक होती आणि दुसऱ्याला दारही ओलांडता येत नव्हतं.

ह्यावर म्हणणारे म्हणतील की अरे पण ल्युमिएरच्या फिल्मची कॉपी निघायची, रेनोची प्रत्येक पट्टी एकुलती एक, हातानं रंगवलेली, ती नेणार कुठे? हे खरंय, आणि मी ते उडवून लावणार नाही. ल्युमिएरची एक फिल्म साधारण १७ मीटरची, ५० सेकंदांची, सकाळी घेतली तर संध्याकाळी दाखवता येईल. रेनोची एक पट्टी म्हणजे कित्येक महिने. कॅमेरा आला की दबाव येणारच होता. पण दोन गोष्टी विसरू नका. एक, रेनो काही जुन्याला चिकटून बसलेला हट्टी माणूस नव्हता, १८९६ मध्येच त्यानं स्वतः कॅमेरा वापरून फुटी आणि शोकोला ह्या गाजलेल्या विदूषक जोडीचं विल्यम टेल चित्रित केलं आणि ते फोटो रंगवून आपल्या पट्टीवर लावले. म्हणजे दोन्ही तंत्रं जोडायचा रस्ता त्यानं लगेच धरला होता. दोन, ल्युमिएरच्या शोनंतर सुद्धा रेनोचा खेळ ४ वर्षांपेक्षा जास्त चालला. लोकांनी एका रात्रीत पाठ फिरवली असं झालंच नाही. त्या ४ वर्षांत त्याच्या हातात मोकळा वेळ, थोडं भांडवल आणि बाहेर जायची परवानगी असती तर काय झालं असतं हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण त्याला प्रयत्न करायची संधीच नव्हती हे मात्र सांगू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. म्युझी ग्रेव्हँनं त्याला जागा दिली, लोक दिले, ठरलेला पगार दिला, ते नसते तर रेनोचं नाव कुणाला कळलं असतं? अगदी मान्य. संस्थेनं जोखीम घेतली होती आणि तिला त्याचा फायदा मिळायलाच हवा. माझा विरोध फायद्याला नाहीये. माझा विरोध आहे तो ज्या हक्काचा तुम्ही उपयोगच करत नाही तो हक्क अडवून धरण्याला. ग्रेव्हँला लंडनमध्ये खेळ करायचा नव्हता, लियोंमध्ये करायचा नव्हता, मग रेनोला तो करू न देण्यात कुणाचं भलं झालं? आणि झीज कामामुळे होणार, काम संस्थेसाठी होणार, तर दुरुस्तीचा भार एकट्या माणसावर का? सही त्यानं स्वतः केली हे उत्तर मला पुरत नाही. वर्षानुवर्षं एका यंत्रात सगळं घातलेला कारागीर आणि पॅरिसच्या मुख्य रस्त्यावर इमारत असलेली संस्था जेव्हा टेबलाच्या दोन बाजूंना बसतात तेव्हा कलमं कोण लिहितं हे सांगायला नको.

आणि हे एकट्या रेनोचं नाही. १९२८ मध्ये वॉल्ट डिस्नेला कळलं की त्यानं घडवलेला ऑस्वाल्ड ससा त्याचा नाहीच, हक्क युनिव्हर्सलकडे, बरेचसे चित्रकारही फोडलेले. त्यातून त्यानं जो धडा घेतला तो असा की पुढचं पात्र, म्हणजे मिकी, पूर्ण स्वतःच्या मालकीचं ठेवायचं. १९३३ मध्ये मिकीचं घड्याळ बाजारात आलं, मग खेळणी आणि काय काय, आणि त्या पैशावर स्टुडिओ उभा राहिला. इथे वाट उलटी आहे, कार्टूनमधून खेळणं. पण १९३८ मध्ये सीगल आणि शुस्टर ह्या दोन पोरांनी सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले आणि पुढची कित्येक दशकं ते भांडत राहिले. प्रतिभा तिन्ही ठिकाणी होती. कोण तरला आणि कोण बुडाला हे ठरलं ते कागदावर काय लिहिलं होतं त्यावरून. आजही जो मुलगा किंवा मुलगी स्टुडिओत बसून दिवसाला अमुक फ्रेम काढते, जिच्या डोक्यातून आलेलं पात्र उद्या स्टिकरवर आणि दप्तरावर छापलं जाईल, तिनं नोकरीच्या पहिल्या दिवशी ज्या कागदावर सही केली त्यात बहुतेक वेळा हेच असतं, सगळं, सगळीकडे, कायमचं.

म्हणून मला युरोपातल्या कायद्यांबद्दल बोलायचंय, कारण तिथे निदान हा प्रश्न कायद्याच्या भाषेत मांडला गेलाय. फ्रान्सच्या कायद्यात भविष्यात करायच्या सगळ्या कामाचे हक्क एकगठ्ठा देऊन टाकणारा करार बेकायदा आहे, आणि कलाकाराचं नाव कामावरून पुसायचा हक्क कुणालाही विकता येत नाही. २०१९ च्या युरोपियन कॉपीराइट निर्देशात त्याहून पुढे गेलेत, मोबदला प्रमाणात आणि योग्य हवा, कमाई किती झाली याचा हिशेब कलाकाराला मिळायला हवा, काम अपेक्षेपेक्षा खूपच जास्त कमावू लागलं आणि ठरलेला मोबदला त्यापुढे फारच तुटपुंजा दिसू लागला तर करार पुन्हा उघडता यायला हवा. आणि कलम २२ मध्ये असं आहे की कुणी एकट्यासाठी हक्क घेऊन ठेवले पण काम वापरलंच नाही, तर कलाकार ते परत घेऊ शकतो. हे वाचताना मला राहून राहून १८९२ चा करार आठवत होता. वापरत नसाल तर सोडा, एवढी साधी गोष्ट. अर्थात अंमलबजावणी हा पुढचा झगडा आहे, मोठ्या कंपनीसमोर एकटा चित्रकार कलम २२ घेऊन उभा राहिला तर पुढचं काम मिळेल का ही भीती खरी आहे, म्हणूनच ही भांडणं एकेकट्यानं न करता संघटनेनं करायची असतात. पण कायद्यात शब्द असणं ही पहिली पायरी आहे आणि जिथे ती नाही तिथे ती मागितली पाहिजे, मोठ्यानं मागितली पाहिजे.

दुसरी गोष्ट कपाटाची. १९१० च्या सुमारास रेनोनं यंत्र फोडलं आणि जवळजवळ सगळ्या पट्ट्या सीनमध्ये टाकल्या. लोक ह्याला वेडाचा झटका म्हणतात आणि मला त्याचा राग येतो. कारण जॉर्ज मेलिएसनं पण साधारण हेच केलं! ५०० च्या वर फिल्म करणारा मेलिएस, १९२३ मध्ये कर्जात बुडालेला असताना त्यानं स्वतःच्या निगेटिव्ह जाळल्या, आणि नंतर पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवर तो दुकान चालवायचा, कसलं, तर खेळण्यांचं. एकजण खेळण्यातून हलत्या चित्रांकडे गेला, दुसरा हलत्या चित्रांमधून खेळण्यांच्या दुकानात येऊन बसला, आणि दोघांनी आपल्याच हातानं आपलं काम नष्ट केलं. एका माणसानं केलं तर त्याला स्वभाव म्हणा. एकाच शहरात, पंधराएक वर्षांच्या आत, दोन थोर माणसं हे करतात तेव्हा प्रश्न त्यांच्या डोक्याचा नसून जागेचा असतो. ठेवायचं कुठे? घरभाडं कोण देणार? तेव्हा कुणी संस्था दारात येऊन म्हणाली नाही की हे आमच्याकडे द्या. सिनेमातेक फ्रांसेज, म्हणजे सिनेमे जपून ठेवणारी फ्रान्सची संस्था, निघाली ती १९३६ मध्ये, रेनो जाऊन १८ वर्षं झाल्यावर.

पुस्तकाची प्रत सरकारजमा करायचा नियम फ्रान्समध्ये १५३७ पासून आहे. सोळाव्या शतकातल्या राजाला कळलं होतं की छापलेलं जपलं पाहिजे. हलत्या चित्रांना तोच मान मिळायला विसावं शतक उजाडावं लागलं, कारण तो खेळ, ती करमणूक, ते पोरांचं. पुन्हा तेच नाव देण्याचं दुखणं. आजसुद्धा जुन्या कार्टून मालिकांच्या मूळ फाइली, स्केचेस, बंद पडलेल्या स्टुडिओंचे हार्ड डिस्क यांचं काय होतं ते विचारा. कंपनी विकली गेली की नव्या मालकाला ते सगळं अडगळ वाटतं. माझी मागणी सरळ आहे, जी संस्था एखाद्या कामावर पैसे कमावते तिच्यावर त्या कामाची एक चांगली प्रत सार्वजनिक संग्रहात द्यायची सक्ती हवी, आणि ती द्यायचा खर्च निर्मितीच्या बजेटमध्येच धरलेला असावा, कलाकाराच्या खिशातून नाही.

रेनोच्या हातून ज्या वाचल्या त्या दोन पट्ट्या, 'बिचारा पिएरो' आणि 'ओतूर दून कॅबीन'. त्याच्या ह्या कामाला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती यादीत जागा मिळाली. तो स्वतः ९ जानेवारी १९१८ ला इव्हरी-स्यूर-सेनच्या धर्मशाळावजा इस्पितळात वारला, महायुद्ध चालू होतं.

आज त्या दोन्ही पट्ट्या नव्यानं दुरुस्त करून, कॉम्प्युटरवर चढवून कुणालाही बघता येतात आणि जरूर बघा. फक्त बघताना एवढं लक्षात ठेवा की जे दिसतंय ते पूर्ण नाही. चित्रं त्याची आहेत, पण कुठे थांबायचं, किती वेळा मागे घ्यायचं, लोक हसले तर पिएरोला अजून एकदा दचकवायचं का, ही चाल आता आपल्याला अंदाजानं ठरवावी लागते. ती कुठेतरी लिहून ठेवायला हवी होती. १९०० मध्ये खेळ बंद झाला त्यानंतर तो १८ वर्षं पॅरिसमध्येच होता, आणि ती चाल त्याच्या हातांत होती.